ताकदीच्या गोळ्या आणि वाया गेलेले तास

चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणजे अपाय नाही, ही समजूत पत्रांतून सारखी येते आहे. म्हणून पूरक गोळ्यांचे प्रश्न आज एकत्र घेते.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला मल्टिव्हिटॅमिनच्या गमी रोज दिल्या तर चालतील? (नाशिकरोड)

बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्या असतील तरच, आणि चॉकलेट म्हणून तर कधीच नाही.

प्रश्न : 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मुलगा दोन महिने रोज घेतोय. आता बद्धकोष्ठ आणि सारखी तहान. (पंचवटी)

पुडी आजच बंद. ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे थांबवल्यावरही त्रास लगेच जात नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासून फिजिशियनना दाखवा. उलट्या किंवा गुंगी असेल तर उद्यावर टाकू नका.

प्रश्न : ट्रेनर व्यायामाआधी घ्यायला पावडर देतो, 'नॅचरल' आहे म्हणतो. छातीत धडधडतं. (गंगापूर रोड)

ट्रेनर डॉक्टर नव्हे. अशा पावडरींत घालतात ते ग्वाराना, म्हणजे एका वेलीचं बी, नैसर्गिकच असतं, पण त्यात कॅफीन असतं. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. काही पावडरींच्या एका मापातच २०० असतं, वर एनर्जी ड्रिंक. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' छापून प्रमाण लपवणारा डबा विकतच घेऊ नका. पावडर थांबवा, ईसीजी काढून घ्या.

प्रश्न : सोळा वर्षांच्या भाचीने रागाच्या भरात लोहाच्या गोळ्या गिळल्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. संध्याकाळी चहा-पोळी खाल्ली. पोलिसांच्या भानगडीला घाबरून दवाखान्यात नेलं नाही. आता न्यायची गरज आहे का? (सिन्नर)

तुम्हाला फोनवर सांगितलंच. इतरांसाठी इथे लिहिते. गरज आहे, आणि ताबडतोब. लोहाच्या विषबाधेत आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास रुग्ण बरा दिसतो. घरचे निर्धास्त होतात ते याच वेळी. आत लोह पेशींना इजा करत असतं. पुढे रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ शकतं. 'आता खातेपिते आहे, सकाळी बघू' हे वाक्य मला फार भीतीचं वाटतं. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढतं, उलटी फुप्फुसात जाते. दूध-तुपाने विष उतरत नाही. कोळशाची पावडरही लोह धरत नाही. गरज पडल्यास लोह धरून शरीराबाहेर काढणारं डेफेरॉक्सामिन हे औषध शिरेतून देतात, ते रुग्णालयातच.

घरात पॅरासिटामॉल असेल तर तेही घेतलं का, हे शांतपणे विचारा. त्यावर उतारा आहे, तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो आणि तेवढ्या वेळात त्रास फारसा जाणवतही नाही. रिकाम्या पट्ट्या, डबे सोबत न्या. उरलेल्या गोळ्या मोजल्या की किती पोटात गेल्या याचा अंदाज येतो.

पोलिसांचं म्हणाल, तर रुग्णालय नोंद करतं, ते त्यांचं काम. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात, तिला शिक्षा होत नाही. एवढ्या भीतीपायी पोर गमावू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तिला ओरडू नका, एकटी सोडू नका, घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा. घरी आणण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्याच. बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मामा-मावशांनीही लावला तरी चालतो.