‘रोजची भाकर’ की ‘रोजची पोळी’?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलं आहे : “रविवारी चर्चमध्ये आम्ही हिंदीत ‘हमारी दिन भर की रोटी आज हमें दे’ म्हणतो. घरी सासूबाई प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणतात, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ माझा मुलगा विचारतो, आपण तर रोज पोळी खातो, मग भाकर कशाला मागायची? आणि शब्द ‘भाकरी’ असा हवा ना? ‘पोळी’ किंवा ‘अन्न’ म्हटलं तर चालेल का?”

ताई, सासूबाईंचं काहीही चुकत नाही. भाकर आणि भाकरी ही दोन्ही मराठीतली जुनी रूपं. ‘भाकरी’चं अनेकवचन भाकऱ्या, ‘भाकर’चं भाकरी, जसं भिंत-भिंती. म्हणून मराठी बायबलात ‘पाच भाकरी व दोन मासे’ असं वाचलं की तिथे ‘भाकऱ्या’ हवं होतं असं समजू नये.

आता मुलाचा प्रश्न. तो मालव्यात वाढतोय, जिथे ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणतात आणि ती रोटी गव्हाची असते. त्याला भाकर म्हणजे ताटातला एक पदार्थ वाटणारच. पण मराठीत हा शब्द कधीच ताटाबाहेर पडला आहे. दाराशी आलेल्याला भाकरतुकडा देतात तेव्हा तो ज्वारीचाच असतो असं नाही, आणि गरिबाच्या घरची मीठभाकर म्हणजे त्याचं सगळं जेवण. बायबलाचा जुना करार ज्या भाषेत लिहिला, त्या हिब्रूतल्या ‘लेहेम’चंही तसंच आहे. त्याचा अर्थ भाकर, आणि अन्नही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदामाला ‘निढळाच्या घामाने’ जी भाकर मिळवायची आहे, तिथे मुळात हाच शब्द आहे. (निढळ म्हणजे कपाळ. संस्कृत ललाटाचं प्राकृतात ‘णिडाल’ झालं, तिथून तो आला. इतका सुंदर शब्द आता या एका वाक्प्रचारापुरताच उरला, याचं वाईट वाटतं.)

धान्याचाच विचार केला तरी भाकरच जवळची. येशूने पाच भाकरी व दोन मासे हजारोंना पुरवले, त्या भाकरी एका मुलाजवळच्या होत्या आणि जवाच्या होत्या, असं योहान त्याच्या शुभवर्तमानात सांगतो. जव हे गरिबाचं धान्य. बायबलातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात दुष्काळाचे भाव दिले आहेत : एका दिनारात गहू एक माप, जव तीन मापं. तिथे पोळी म्हटलं असतं तर त्या पोराची शिदोरी आपण उगाच श्रीमंत केली असती.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. पोळीचे वाक्प्रचार आठवून पाहा. आपली पोळी भाजून घेणे. आपल्याच पोळीवर तूप ओढणे. दोन्हींत माणूस स्वतःपुरतं पाहतो. भाकरीचा वाक्प्रचार मात्र लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा, म्हणजे दुसऱ्यांसाठी फुकट राबण्याचा! आता प्रार्थनेतलं सर्वनाम पाहा. ‘माझी’ नाही, ‘आमची’. ‘मला’ नाही, ‘आम्हांला’. या ‘आमची’शेजारी मराठीत भाकरच शोभते. ‘अन्न’ चुकीचं नाही, पण अन्न हातात धरून मोडता येत नाही. भाकर मोडता येते. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिले ख्रिस्ती एकत्र येऊन ‘भाकर मोडत’, आणि अम्माऊस गावाला निघालेल्या दोन शिष्यांनी पुन्हा उठलेल्या येशूला ओळखलं तेही भाकर मोडताना. हिंदीत ‘रोटी तोड़ना’ला फुकट खाण्याची छटा चिकटते, मराठीतल्या ‘भाकर मोडणे’ला ती नाही.

एका ठिकाणी मात्र हा शब्द अडतो. वल्हांडण या यहुदी सणाची ‘बेखमीर भाकर’ मराठी कानाला विचित्र लागते, कारण आपल्या भाकरीत खमीर असतंच कुठे?

‘रोजची’ हा शब्दही साधा नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘एपिउसिओस’ नव्या करारात फक्त या प्रार्थनेतच येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३ मध्ये. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिगेन याला तो सुवार्तिकांनीच, म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच, घडवलेला वाटला. जेरोमने लॅटिन भाषांतरात लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं, मत्तयमध्ये त्याच शब्दासाठी ‘सर्व द्रव्यांपलीकडची’ अशा अर्थाचा शब्द योजला. एका हिब्रू शुभवर्तमानात इथे ‘महार’, म्हणजे उद्याची, असं आपल्याला आढळल्याचंही तो नोंदवतो. मला ‘रोजची’च पटतं, कारण त्यामागे रानातला मान्ना, म्हणजे इस्राएल लोकांना देवाने रानात दिलेलं अन्न, दिसतो : ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे.

तेव्हा घरात पोळीला पोळीच म्हणा, प्रार्थनेत भाकर राहू द्या. आणि सासूबाई ज्वारीची भाकरी थापतील त्या दिवशी पहिली भाकरी मुलाच्या हातात द्या, त्याला ती मोडून सगळ्यांना वाटू द्या.