सुट्ट्यांनंतरचा पसारा

प्रश्न : हिवाळ्याच्या सुट्ट्या संपल्या आणि पाहुणे परतले, मात्र सजावटीचे सामान, भेटवस्तूंची खोकी आणि लोकरी कपडे यांनी घर भरून गेले आहे. साठवणीसाठी नवे डबे आणावेत का?

उत्तर : डबे आत्ता आणू नयेत. काय ठेवायचे हे आधी ठरले, की किती डबे लागतील ते आपोआप कळते. अन्यथा रिकामे डबे भरण्यासाठीच नको त्या वस्तू जपल्या जातात. सजावटीपैकी जे यंदा बाहेर काढूनही लावले गेले नाही, ते पुढच्या वर्षीही लावले जाण्याची शक्यता कमी, म्हणून ते देऊन टाकावे. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात, आणि बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांतील बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण त्या गळाल्यास आतील धातूचे भाग गंजतात.

खरी काळजी लोकरीची घ्यावी लागते. कसरीच्या अळ्या लोकरीतील केराटिन नावाचे प्रथिन खातात, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेल्या कपड्यांकडे त्या अधिक वळतात. त्यामुळे एकदाच वापरलेला स्वेटरही धुऊन, पूर्ण वाळवून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. थोडाही ओलावा राहिल्यास बंद डब्यात बुरशी धरते. (कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, त्या विषारी असतात.)

भेटवस्तूंची खोकी वस्तू बदलून देण्याची मुदत संपेपर्यंतच ठेवावीत.