चोवीस दिवसांत ऐंशी स्टँड

दसरा जवळ आला की सोलापुरात दोन ठिकाणी धांदल उडते. एक म्हणजे टॉवेल-चादरीचे कारखाने, आणि दुसरं, तो माल दुकानात मांडायचे स्टँड बनवणारी फॅब्रिकेशनची (लोखंड कापून, वेल्ड करून घडवणारी) वर्कशॉप. या वेळची पत्रं सगळी दुसऱ्या धांदलीची आहेत.

प्रश्न : पुण्याच्या दुकानांसाठी टॉवेलच्या ८० फ्लोअर स्टँडची ऑर्डर आहे, मुदत २४ दिवस. माझ्या हिशेबाने फॅब्रिकेशनला ८, पावडर कोटिंगला (रंगाची पूड मारून ओव्हनमध्ये भाजणं) ६ आणि जोडणीला ४ दिवस लागतील. जमेल ना? – वर्कशॉप मालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

तुमचे झाले १८ दिवस. त्यात सॅम्पल बनवून पास होईपर्यंतचे ५, पॅकिंगचे २ आणि वाहतूक व दुकानात उभारणीचे २ मिळवा. २७ झाले. म्हणजे काम हातात घेतानाच तुम्ही तीन दिवस मागे आहात. वेल्डिंगला किती वेळ लागतो हे सगळ्यांना पाठ असतं. पार्टीच्या साहेबाला सॅम्पलचा फोटो बघून ‘ओके’ लिहायला किती लागतो, ते कोणी धरत नाही.

वाट दोन गोष्टींतून निघेल. पहिली, ८० चा एक ढीग करू नका, वीस-वीसचे चार लॉट पाडा. पहिले वीस कोटिंगला गेले की दुसरे वीस वेल्डिंगवर घ्या. फॅब्रिकेशन आठव्या दिवशी संपेल. शेवटच्या लॉटचं कोटिंग दीड दिवस आणि जोडणी एक दिवस धरली तरी साडेदहा दिवसांत काम उरकतं. अठराचे अकरा झाले, सॅम्पल, पॅकिंग आणि वाहतुकीचे नऊ धरून एकूण वीस. चार दिवस हाताशी राहिले, आणि तेही वापरले जातीलच, काळजी नसावी.

दुसरी गोष्ट म्हणजे सॅम्पल पास व्हायची वाट न बघता जो माल बदलणार नाही तो आजच उचला. चौकोनी पाइप, बेसची प्लेट, नट-बोल्ट, चाकं यांचा हेडरच्या (स्टँडच्या माथ्यावरच्या पाटीच्या) आकाराशी संबंध नसतो. पत्रा मात्र शेल्फचं माप कायम झाल्याशिवाय कापू नका.

आणि कोटिंगवाल्याला ‘ऐंशी स्टँड’ सांगू नका. दोन उभे खांब, पाच शेल्फ, एक बेस आणि एक हेडर धरला तर एका स्टँडचे नऊ तुकडे होतात, म्हणजे एकूण ७२० नग. ओव्हनमध्ये एका वेळी किती नग टांगता येतात आणि दिवसाला किती फेऱ्या निघतात, हे त्याच्याकडून आजच विचारून घ्या. ६ दिवसांचा तुमचा आकडा खरा की अंदाजपंचे, ते तिथेच कळेल.

प्रश्न : घाईत कोटिंग करून आणलं. बेसच्या प्लेटवरचा रंग टवके जाऊन निघतोय, शेल्फ खाचेत बसत नाहीत, आणि काही पाइपांवर पाण्याचे ओघळ दिसतात. कोटिंगवाला म्हणतो, तुमचंच काम खराब. – सुपरवायझर, चिंचोळी एमआयडीसी

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि दोष दोघांत वाटून घ्यावा लागेल.

बेसचा दोष बहुधा ओव्हनमधला. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं भाजावी लागते, पण ते तापमान धातूचं हवं, ओव्हनमधल्या हवेचं नाही. १.२ एमएमचा शेल्फ पटकन तापतो, ५ एमएमची प्लेट सावकाश. दोन्ही एकाच फेरीत टांगून एकदम बाहेर काढले तर प्लेटवरची पावडर कच्ची राहते. थिनरमध्ये बुडवलेला कापूस थोडा वेळ घासून बघा. रंग भराभर कापसावर उतरला तर भाजणी कमी पडली आहे. जाड नगांची फेरी वेगळी लावायला सांगा. टवक्यांखाली गंज किंवा तेल दिसलं तर मात्र आधीची धुलाई आणि फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून धातूला दिलेली रासायनिक प्रक्रिया) घाईत उरकलेलं आहे.

खाचेचा दोष तुमच्याकडचा. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि तो शेल्फच्या जिभेच्या (खाचेत शिरणाऱ्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना आणि खाचेच्या आतही चढतो. कोऱ्या पत्र्यावर ‘मस्त घट्ट’ बसलेला शेल्फ रंगानंतर हातोडीशिवाय बसणार नाही, आणि हातोडी मारली की रंग गेला. सॅम्पल तपासायचं ते कोटिंग करून, जोडून, माल ठेवून. वेल्ड केलेल्या नटांच्या आट्यांना कोटिंगआधी मास्किंग (झाकण) हवं, नाहीतर जोडणीच्या दिवशी चार पोरं आटे साफ करायचे टॅप घेऊन बसतील.

ओघळही तुमच्याकडचेच. दोन्ही टोकं बंद केलेल्या पाइपात वेल्डमधल्या बारीक फटींतून धुलाईच्या टाकीतलं पाणी शिरतं आणि ओव्हनमध्ये तापलं की बाहेर येतं. दिसणार नाही अशा जागी निचऱ्याला एक भोक ठेवा.

रंगाचं एक सांगून ठेवतो. ऑर्डरवर ‘काळा’ लिहू नका. आरएएल नंबर (रंगछटेचा ठरलेला क्रमांक) लिहा, आणि ग्लॉसी, मॅट की टेक्स्चर तेही. घाईच्या कामात मी पार्टीला टेक्स्चरच सुचवतो. ग्राइंडिंगच्या बारीक खुणा त्यात झाकल्या जातात आणि एक दिवस वाचतो. चकचकीत पांढरा मागणाऱ्याला जादा दिवस लावायचे.

प्रश्न : माझं चादरीचं दुकान आहे. डिस्प्ले बनवायला दिलाय, रोज फोन करतो, रोज उत्तर एकच, ‘होतंय की मालक, उद्या देतो.’ काय करू? – नवी पेठ

फोन बंद करा आणि स्कूटर काढा. ‘कधी होणार’ या प्रश्नाला ‘उद्या’ हेच उत्तर मिळतं. वर्कशॉपमध्ये उभं राहून विचारा : किती नग कापले, किती वेल्ड झाले, किती कोटिंगहून आले? पैसेही तसेच द्या. ॲडव्हान्सनंतरचा हप्ता तारखेवर न देता पहिला लॉट कोटिंग होऊन आल्यावर द्या.

जाताना घडी घातलेल्या चादरी बरोबर न्या. शेल्फची खोली ड्रॉइंगवर ठरवतात आणि मग घडी पुढे चार बोटं लोंबते. एक चादर दीड किलोची धरली तर चाळीस चादरींचे ६० किलो होतात. शेल्फवर त्याच्या दीडपट, ९० किलो, एक रात्र ठेवून सकाळी मधोमध सुतळी ताणून बघा. झोळ दिसला तर खालून एक पट्टी वेल्ड करून घ्या. हे सॅम्पलवर केलंत तर खर्च किरकोळ आहे.

प्रश्न : निम्मे हेडर छापून झाले आणि पार्टीने लोगो बदलला. – होटगी रोड

नवा दर आणि नवी तारीख मेलवर कळवा, होकार आल्यावरच मशीन चालू करा. नुसत्या व्हॉट्सॲपच्या अंगठ्यावर छपाई करू नका. पुढच्या वेळी ग्राफिक्स पत्र्यावर चिकटवण्याऐवजी सरकवून बसेल अशी खाच ठेवा, म्हणजे लोगो कितीही वेळा बदलो, स्टँड अडकत नाही.

प्रश्न : मुदतीसाठी पोरांना रोज रात्री अकरापर्यंत थांबवतोय. तरी काम मागेच. – अशोक चौक

जादा तासांना दुप्पट मजुरी द्यावी लागते, आणि चौथ्या रात्री वेल्डिंग बिघडायला लागतं. सगळं वर्कशॉप थांबवण्यापेक्षा जिथे माल तुंबतो तिथलेच दोघं थांबवा. बहुतेक ठिकाणी ते ग्राइंडिंग असतं. वेळापत्रक करताना गावाचं कॅलेंडरही समोर ठेवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातली माणसं कामावर येणार नाहीत, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या मार्गावर तुमचा टेम्पोही शिरणार नाही. ते दिवस आधीच वजा करा.

प्रश्न : हैदराबादला माल पाठवायचाय. उशीर झाला तर आठवड्याला ५ टक्के दंड अशी अट आहे. सही करू का? – उद्योजिका, अक्कलकोट रोड

दोन दुरुस्त्या करून मग करा. दंडाला एकूण कमाल मर्यादा लिहून घ्या, आणि मुदत मोजायला सुरुवात ऑर्डरच्या तारखेपासून न होता सॅम्पल पास आणि ॲडव्हान्स जमा, यातलं जे नंतर होईल तिथून व्हावी. या दुरुस्तीला जी पार्टी तयार होत नाही, तिचं घाईचं काम मी घेणार नाही. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर तोही नंबर बिलावर टाका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. दंड त्यांनी मागायचा आणि बिल मात्र तीन महिने लटकवायचं, हे चालू देऊ नका.

स्टँड सुटे पाठवा, एका गाडीत दुपटीहून जास्त मावतात. प्रत्येकाच्या बोल्टची वेगळी पिशवी, त्यात दोन बोल्ट जादा आणि ते आवळायची ॲलन की. कोटिंग पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लास्टिक गुंडाळू नका, डाग पडतात. माल परराज्यात जातोय, तेव्हा ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (वाहतुकीत मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागेलच. त्याची वैधता दर २०० किलोमीटरला एक दिवस. हैदराबाद तीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस मिळतात. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ड्रायव्हरला हे निघतानाच सांगा आणि ऑफिसमधल्या कोणाचा तरी फोन रात्रभर चालू ठेवा.