लाट सगळ्यांची, जमीन कुणाची?

प्रश्न : एका अमेरिकन सर्फर-लेखकाचं आत्मकथन नुकतंच वाचलं. लाटेच्या वेडापायी हा माणूस मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशातल्या पावोनेस या गावी जाऊन राहतो, घर बांधतो. मग सगळंच बिनसतं. जमिनीचा वाद, शेजाऱ्यांशी वैर, प्रेयसी सोडून जाते, मित्रांवर संशय, शेवटी मुक्काम हलवावा लागतो. दोष त्याच्या तिरसट स्वभावाचा की जागेचा? विचारतोय, कारण मीही सर्फिंग करतो, थोडंफार लिहितो, नोकरी ऑनलाइन आहे, आणि तिकडे जाऊन राहायचं मनात आहे.
– एक वाचक

उत्तर : स्वभाव तिरसट असणारच. त्याशिवाय कुणी घरदार सोडून नदीच्या मुखाशी लाटेची वाट बघत बसत नाही. पण असा माणूस दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर नुसता भांडकुदळ म्हणून खपून गेला असता. पावोनेसला तो खपत नाही, आणि त्याचं कारण तिथल्या जमिनीत आहे.

राजधानी सान होसेत वकिलांच्या एका कचेरीत मी काही वर्षं भाषांतराचं काम करत होते. समुद्रकाठी घर घेतलेले परदेशी तिथे कागदांच्या फायली घेऊन यायचे. बरेचसे लोक आधी घर बांधून, बागेत आंबा लावून, मग कागदात काय लिहिलंय ते विचारायला आलेले असायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास मला अजून आठवतो. इतकी सुंदर जागा आहे, म्हणजे व्यवहारही सरळच असणार!

पावोनेस गोल्फो दुल्से आखाताच्या तोंडाशी, पनामाच्या सीमेजवळ आहे. तिथली डावी लाट, म्हणजे सर्फरच्या डावीकडे फुटत जाणारी, जगातल्या सर्वांत लांब लाटांमध्ये मोजतात. 1970च्या दशकात एका अमेरिकन माणसाने या किनाऱ्यावर अफाट जमीन घेतली. पुढे तो अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अमेरिकेत तुरुंगात गेला. 1985च्या आसपास युनायटेड फ्रूट कंपनीने जवळच्या गोल्फितो बंदराच्या परिसरातून गाशा गुंडाळला आणि केळीच्या मळ्यांवरचे मजूर बेकार झाले. एकीकडे मालक गायब असलेली जमीन, दुसरीकडे जमीन नसलेली, पण ती कसता येणारी माणसं. त्यांनी ती कसायला घेतली. अशा कब्जेदाराला तिथे प्रिकारिस्ता म्हणतात. वर्षभर ताबा ठेवला की नुसते पोलीस बोलावून त्याला हटवता येत नाही, कोर्टात जावं लागतं. मला यात अन्याय दिसत नाही. भुकेल्या माणसाने रिकाम्या जमिनीकडे किती वर्षं बघत बसायचं? पण मग त्याच तुकड्यावर एकाकडे खरेदीखत, दुसऱ्याकडे ताबा आणि तिसऱ्याकडे ती जमीन ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचे शेअर्स, असा गुंता होतो. 1997 मध्ये या भागात एक वृद्ध अमेरिकन जमीनमालक आणि एक स्थानिक शेतकरी, दोघेही गोळीबारात मेले. तुमचा लेखक अशा गावात राहायला गेला. त्याला दिसली ती लाट. गावाला दिसला आणखी एक ग्रिंगो, म्हणजे परका अमेरिकन.

त्यात किनाऱ्याचा कायदा वेगळा. 1977च्या कायद्यानुसार भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा सरकारी. त्यातले पहिले 50 मीटर सगळ्यांसाठी मोकळे, उरलेल्या 150 मीटरवर नगरपालिका फक्त परवाना देते, आणि देशात पाच वर्षांचं अधिकृत वास्तव्य नसलेल्या परदेशी माणसाला तोही मिळत नाही. समुद्राला अगदी लागून असलेलं घर कुणी ‘विकत’ देऊ लागला, की तिथेच थांबून विचारायचं : नेमकं काय विकताय? काही ठिकाणी कायद्याच्या आधीपासूनची खासगी मालकी आहे, नाही असं नाही, पण ती राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात दाखवता आली पाहिजे.

आता तुमच्या त्या लेखकाच्या लेखनाबद्दल. माझ्या मते दुसरा घात तिथे होतो. ज्याच्या पिकअपमधून सामान आणायचं, ज्याच्याकडून पाण्याचं कनेक्शन घ्यायचं, त्यालाच पुस्तकात चोर ठरवायचं, हे छोट्या गावात चालत नाही. शहरातला लेखक लिहून दार लावून बसू शकतो. इथे संध्याकाळी तोच माणूस समोर उभा असतो. शिवाय कोस्टा रिकात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. ‘ला नासिओन’ दैनिकाचा पत्रकार माउरिसिओ एर्रेरा याला 1999 मध्ये तिथल्या न्यायालयाने या कलमाखाली दोषी ठरवलं होतं. 2004 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला, पण तोवर किती वर्षं गेली बघा. आणि त्याच्यामागे निदान एक मोठं वर्तमानपत्र होतं.

प्रेयसीबद्दल मी काही बोलणार नाही. तिने पुस्तक लिहिलेलं नाही.

तुमचं म्हणाल, तर अवश्य जा, पण भाड्याने राहा. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतो, त्याची चौकशी वकिलातीत करा. पर्यटक म्हणून राहायचं आणि मुदत संपत आली की पनामाच्या सीमेवर पासो कानोआसला चक्कर मारून शिक्का घेऊन यायचं, ही अमेरिकन मंडळींची जुनी युक्ती. तिच्यावर आयुष्य उभं करू नका. ऑनलाइन नोकरी असलेल्यांसाठी 2021च्या कायद्याने वर्षभराचा वेगळा परवाना केलाय. त्याला महिन्याला किमान 3,000 डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं, कुटुंबासह 4,000, आणि आरोग्यविमाही लागतो. स्थानिक नोकरी मात्र त्यावर करता येत नाही.

आणखी एक, जे फोटोंमध्ये येत नाही. ती लाट दक्षिण गोलार्धातल्या वादळांवर चालते, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पावसाळाही तेव्हाच, आणि तो भाग देशातल्या अतिपावसाच्या भागांपैकी आहे. पुस्तकांना बुरशी येते, लॅपटॉप दगा देतो, वीज जाते. डिसेंबर ते मार्च कोरडा, समुद्र बहुधा सपाट. लिहायचं ते तेव्हा लिहा, आणि गावातल्या माणसांबद्दल असेल तर तिथून निघाल्यावर छापा.