गेटवरच्या कॅमेऱ्यात चेहरा काळा आणि नंबरप्लेट पुसट दिसते. लेन्स बदलू की सेटिंग?

दोन्ही. चेहरा काळा पडतो तो मागच्या उजेडामुळे. मेनूत डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सेटिंग) चालू करा. ब्राइटनेस वाढवू नका, चित्र नुसतं पांढुरकं होतं.

नंबरप्लेटचं दुखणं मात्र लेन्सचं. सर्रास बसवतात ती २.८ मिमी लेन्स साधारण १०० अंश रुंद बघते, म्हणून १० मीटरवरची गाडी काडेपेटीएवढी दिसते. तिथे कमी रुंद बघणारी ६ किंवा १२ मिमी हवी. २ मेगापिक्सेलवरून ४ वर गेल्याने तेवढा फरक पडत नाही (दुकानदार नेमकं तेच सुचवतो). रात्री चालत्या गाडीची प्लेट फराटत असेल तर शटर (एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ) १/२५ सेकंदावर असेल, १/२५० करून बघा. बाकी चित्र अंधारेल, म्हणून माणसांसाठी २.८ वाला वेगळा राहू द्या.