आधी भंगाराच्या ढिगापाशी जा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. साठ अवजड गाड्यांच्या टायरांचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून आनंद झाला. पण कोणत्या कंपनीचे टायर घ्यावेत, हा तुझा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. आवाराच्या मागे बाद टायरांचा ढीग असेलच. दोन दिवस तिथे काढ. बरोबर खडू, टॉर्च आणि नक्षीची खोली मोजायचा गेज घे. प्रत्येक टायर का बाद झाला, ते त्याच्यावरच खडूने लिही. नोंदवहीत त्यातल्या बऱ्याच टायरांपुढे ‘अचानक फुटला’ असा शेरा सापडेल. हा शेरा मी माझ्याकडे बंद केला होता. टायर अचानक फुटायला रस्त्यात सळईच आडवी यावी लागते. एरवी तो बरेच दिवस सांगत असतो.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर तो कमी हवेत पळाला. नेमका मधलाच पट्टा गेला असेल, तर हवा जास्त होती. हे डोळ्यांना दिसतं. पण पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवायची सवय लाव. एकीकडून गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं टोचलं, की गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांची दिशा सरळ करायला पाठव. डोळ्यांना ते दिसेपर्यंत टायर अर्धा खाल्लेला असतो. जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग आणि बॅलन्सिंग, तिन्ही बघ. नुसता टायर बदलून गाडी सोडलीस, तर नवाही तसाच खाल्ला जाईल.

आता फुटलेल्या टायरांकडे वळ. आत टॉर्च मारून साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या अंगावरून बोट फिरव. बोटाला काळा भुगा लागला, किंवा आतलं अस्तर सुरकुतलेलं दिसलं, तर कारण शोधायची गरज उरली नाही. हवा कमी झाली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि आतल्या पोलादी तारा एकेक करून तुटत जातात. मग कधीतरी चेन उघडावी तशी ती सरळ रेषेत फाटते. ही फाट रस्त्यावर होईलच असं नाही, हवा भरतानाही होते. आणि तेव्हा समोर तुझा माणूस उभा असतो. म्हणून ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर, म्हणजे १२० पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) ९६ च्या खाली गेला, की तो हवा मारून तसाच पुढे काढायचा नाही. आधी काढायचा, आतून-बाहेरून बघायचा आणि लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. माणसाने लांब नळी घेऊन बाजूला उभं राहायचं, साइडवॉलसमोर नाही. भरताना पॉपकॉर्न फुटल्यासारखी तडतड ऐकू आली, की नळीच्या टोकाच्या व्हॉल्व्हने सगळी हवा सोडायची. जवळ जायचं नाही. इथे घाई करणाऱ्या माणसावर मी ओरडलेलो आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

जोडचाकांचं, म्हणजे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांचं दुखणं वेगळं. २९५/८० आर २२.५ टायरवर १५२/१४८ असं छापलेलं बघ. १५२ म्हणजे एकटा असताना ३५५० किलो, १४८ म्हणजे जोडीत प्रत्येकी ३१५० किलो. जोडीवर मिळून ६३०० किलो असताना आतल्याची हवा गेली, तर बाहेरच्या एकट्यावर किती येतं ते तूच मांड. बाहेरून मात्र गाडी ठीक उभी दिसते, कारण दुसऱ्याने तिला उचलून धरलेलं असतं. हातोडीने ठोकून टायर साफ बसलाय एवढंच कळतं, बाकी काही नाही.

माझ्याकडे हवेच्या नोंदीचा तक्ता अगदी सुरेख असायचा. बाहेर ११०, आत ११०, रांगेने सगळीकडे ११०. एके दिवशी पहाटे मी स्वतः गेज घेऊन वाकलो, तर एका आतल्या चाकात ६२ निघाले. मुलगा आळशी नव्हता. आतला व्हॉल्व्ह चाकाच्या डिस्कच्या (मधल्या लोखंडी तबकडीच्या) भोकामागे असा दडला होता की गेजचं तोंड नीट बसायचंच नाही. आम्ही व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवली आणि तक्त्यात आतल्या चाकाचा रकाना आधी आणला. त्यानंतर आकडे वेडेवाकडे येऊ लागले, आणि मला पहिल्यांदा ते खरे वाटले.

हवा थंड टायरची मोजायची, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. लांबून आलेल्या गाडीचा आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडशील, तर रात्री तोच टायर कमी हवेत उभा असेल. १०० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं तर दाब साधारण ४ पीएसआयने हलतो, म्हणून ऋतू पालटताना तपासणी वाढव. गेजसुद्धा खोटं बोलतात; एक चांगला गेज कपाटात ठेव आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघ. व्हॉल्व्हवरची टोपी धातूची, आत रबरी सील असलेली घे. व्हॉल्व्हच्या आतल्या पिनमध्ये धूळ जाऊन हवा झिरपते, ती टोपीच अडवते.

आता नट. इथे माझी चूक सांगतो. तपासणी जवळ आली म्हणून मी एकदा सगळ्या डिस्क रंगवून घेतल्या, आणि टेकायच्या जागेवरही जाड थर बसला. नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) नीट आवळले होते. पण चाक घट्ट राहतं ते स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) ताणले जाऊन धातूवर धातू दाबला गेल्याने. मधला रंग चेपला, ताण गेला, आणि मागचं डावं चाक नटांवर खेळू लागलं. ड्रायव्हरला मागून टकटक ऐकू आली म्हणून त्याने गाडी थांबवली. तोवर दोन स्टड तुटले होते आणि डिस्कची भोकं अंडाकृती झाली होती. ती डिस्क बादच केली.

तेव्हापासून टेकायच्या जागा तारेच्या ब्रशने साफ, नट समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्याचाच. नट आवळायच्या हवेच्या गनने शेवट केला तर स्टड प्रमाणाबाहेर ताणले जातात. दहा स्टडच्या मोठ्या चाकाला साधारण ६०० ते ७०० न्यूटन-मीटर लागतात, पण तुझ्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा. चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क तपासायचा. गाडी तोवर बाहेरगावी असते, ही अडचण मलाही कधी पूर्ण सुटली नाही; ड्रायव्हरच्या कागदावर लिहून देणं आणि नटांवर पिवळे बाण बसवणं, एवढं जमलं. बाण फिरलेला लांबूनही दिसतो. नटाखालून तांबूस ओघळ आलेला असेल तर चाक हलतंय. एक स्टड तुटला तर दोन्ही शेजारचेही बदल.

रिमला वेल्डिंग करायचं असेल तर टायर उतरवूनच. हवा सोडली म्हणजे झालं असं समजू नकोस. तापलेल्या रबराचा गॅस आत साठतो आणि स्फोट होतो. लॉक रिंगच्या चाकांत (ज्यांत टायर रिमवर वेगळ्या लोखंडी कड्याने अडकवलेला असतो) जोडीतल्या दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा गेल्यावरच नटाला पाना लावायचा.

रिट्रेडिंगबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवण्याबद्दल, पुढच्या पत्रात. तोवर एवढंच की नक्षी अगदी पुसली जाईपर्यंत टायर वापरलास, तर नक्षीखालचा टायरचा सांगाडा हातचा जातो. ढिगात असे किती सापडतात तेही मोज.

खडूने लिहिलेल्या टायरांचे फोटो पाठव. कारणं मोजून झाली की कंपन्यांचं बोलू.

तुझा,
जुना वर्कशॉपवाला