आधी प्लांटवर, मग कार्यशाळेत

प्रश्न : मी कागल तालुक्यातला, माझं खताचं दुकान आहे. मुलगी यंदा पर्यावरण अभियांत्रिकीत बी.ई. झाली. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक, सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराकडे शिफ्ट इंजिनिअर म्हणून. दुसरं, कोल्हापुरातल्या एका सामाजिक संस्थेत. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या पाणी-स्वच्छता विभागांना एकमेकांकडून शिकता यावं म्हणून बैठका, दौरे, अहवाल असं तिथलं काम. पगार ठेकेदारापेक्षा तीन हजारांनी जास्त. तिला दुसरं हवंय. मला कळेना, ही नोकरी की नुसती चहा-बिस्किटांची बैठक? तिचे मामा म्हणतात, दोन्ही सोड आणि एमपीएससी कर. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमचा टोला अगदीच खोटा नाही. ‘अभ्यास दौरा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मी सांगायला नको: एसी बस, हारतुरे, ग्रुप फोटो आणि येताना वाकडी वाट करून महाबळेश्वर. पाण्याच्या क्षेत्रातही असे दौरे होतात. म्हणून ते कामच पोकळ, असं मात्र नाही. ते नीट केलं तर फार मोलाचं आहे. तरीही तुमच्या लेकीने ते आत्ता घेऊ नये असं माझं मत आहे. का, ते सांगते.

पाणीपुरवठ्यातलं बरंचसं ज्ञान कागदावर नसतं. कुठल्याही जुन्या पेठेत पाणी सोडणारा माणूस बघा. कुठल्या बोळातला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठला सावकाश उघडला नाही तर पुढची जुनी लाइन फुटते, नकाशात नसलेला जोड कुठे आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो रिटायर झाला की त्या भागात सहा महिने बोंबाबोंब. तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात हीच अडचण कुणीतरी सोडवलेली असते, पण ते इथे कळणार कसं? आपल्या व्यवस्थेत कागद वर जातो. पंचायत समितीकडून जिल्हा परिषदेला, तिथून मंत्रालयाला. आडवा, म्हणजे या नगरपालिकेकडून त्या नगरपालिकेकडे, सहसा जात नाही. तो आडवा रस्ता करायचा, हे त्या संस्थेतलं खरं काम.

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. दारात महापूर आणि घागर घेऊन टँकरची वाट, हे कोल्हापूरकरांनी दोनदा पाहिलं. अशा वेळी मोटर वाचवायची कशी, पॅनेल बोर्ड पूररेषेच्या वर किती उचलायचा, पाणी ओसरल्यावर आधी काय सुकवायचं आणि काय तपासायचं, हे ज्यांनी चिखलात उभं राहून केलं त्यांनाच ठाऊक. त्यांना पूर येणाऱ्या दुसऱ्या शहराच्या पंप ऑपरेटरसमोर बसवलं तर दोन तासांत जे मिळतं ते जाडजूड मॅन्युअलमध्ये मिळत नाही. अट एकच: ऑपरेटरसमोर ऑपरेटर हवा, साहेबासमोर साहेब नव्हे.

दुसरं उदाहरण वाईचं, सातारा जिल्ह्यातलं. आपल्याकडे सेप्टिक टँक तुंबून वर येईपर्यंत कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग गाडीवाल्याला फोन, तो सांगेल ते पैसे आणि मैला कुठल्या ओढ्यात पडला कुणास ठाऊक. वाईत 2018 पासून नगरपालिकेने प्रत्येक घराचा टँक तीन वर्षांतून एकदा ठरल्या पाळीने उपसायला सुरुवात केली. फोन करायचा नाही, दारात रोख द्यायची नाही, खर्च कराच्या पैशातून. गाळ जातो तो गावाच्या प्रक्रिया केंद्रावर. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या गटाने त्यांना मदत केली. आता हे बघायला गेलेली नगरपालिका नुसत्या गाडीचा फोटो काढून परतली तर काय होईल? निधीतून गाडी येईल आणि शेडमध्ये उभी राहील. खरी मेख गाडीत नाही. कर कसा बसवला, सभेत ठराव कसा मंजूर करून घेतला, ठेकेदाराचं बिल किती टँक उपसले यावर कसं बांधलं, ‘आमचा टँक भरलाच नाही’ म्हणत दार न उघडणाऱ्या घरांचं काय केलं, मेख तिथे आहे. हे प्रश्न आधी तयार करून देणारा, आणि तीन महिन्यांनी फोन करून ‘ठराव कुठवर आला?’ असं विचारणारा माणूस लागतो. ती ही नोकरी.

कराडजवळच्या मलकापूरने (आपल्या शाहूवाडीतलं मलकापूर नव्हे) मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. बेळगावच्या निवडक भागांतही 2008 च्या सुमारास ते झालं. दोन्ही ठिकाणं कोल्हापूरहून गाडीने दोन-अडीच तासांवर. शिकायला परदेशात जायला नको.

या कामाला पायाही आहे. केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरांच्या सेवांसाठी मापदंड ठरवून दिले. पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाचं पाणी मिळून 28 निर्देशांक. त्यात माणशी रोज 135 लिटर पाणी, आणि हिशेबात न येणारं पाणी 20 टक्क्यांच्या वर नको. समजा एका गावाने दिवसाला एक कोटी लिटर पाणी सोडलं आणि बिलात साठ लाखच दिसलं, तर चाळीस टक्के गेलं कुठे? गळतीत, चोरीत की हिशेबाच्या चुकीत? शेजारचं गाव म्हणतं, आमचं पंधराच टक्के. टाळ्या वाजवायच्या आधी विचारायचं, मीटर किती नळांना आहेत? मीटरच नसेल तर तो आकडा टेबलावर बसून काढलेला असतो. म्हणून त्या मापदंडांत आकड्याच्या विश्वासार्हतेलाही ए ते डी अशी श्रेणी ठेवली आहे. खेड्यांतही अशी सोय आहे. ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्डाच्या सरपंचाला हिरव्या कार्डाच्या गावातल्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावच्या पाण्याची शुद्धता सांभाळणाऱ्या माणसाकडे, न्यायचं. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर कुठे ठेवतो, ओटी टेस्ट, म्हणजे औषधाचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरिन बघायची चाचणी, शेवटच्या नळावर करतो की टाकीपाशीच उरकतो, हे बघायचं. शेवटच्या नळाच्या पाण्यात पिवळी झाक आली तरच क्लोरिन तिथवर पोचलं. एका सकाळचं काम आहे, पण ते कुणीतरी जुळवून आणावं लागतं.

जगभरही हेच चाललंय. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या पाणीविषयक सल्लागार मंडळाने सुचवलं की, एका सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेने दुसरीला नफा न घेता हात द्यावा. त्यातून 2009 मध्ये यूएन-हॅबिटॅटच्या छत्राखाली अशा भागीदाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. तुमच्या लेकीने हे मुलाखतीत सांगितलं तर बिघडणार नाही, पण नोकरी त्यावर मिळत नाही.

आता मुद्द्यावर. बैठकीत वीस वर्षं नोकरी झालेला फिटर बसलेला असेल आणि समोर कालच पदवी घेतलेली मुलगी ‘चर्चा पुढे नेत’ असेल, तर तो मान डोलावेल, चहा पिईल आणि खरं काहीच सांगणार नाही. तिने स्वतः रात्रपाळीत सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडलेला बघितला असेल, टाकीतला गाळ वर यायला लागल्यावर धावपळ केली असेल, तर तो दोन वाक्यांत ओळखतो आणि मोकळा होतो. शिवाय कुठला आकडा खरा आणि कुठला बनवलेला, हे लॉगबुक स्वतः भरल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं मत: आधी ठेकेदाराकडची शिफ्ट, दीड-दोन वर्षं. मग संस्था. तीन हजारांचं नुकसान होईल, ते होऊ द्या. प्लांटवर काम केलेली आणि लिहिता-बोलता येणारी इंजिनिअर या क्षेत्रात फार हुडकावी लागते. पुढे संस्थेत जाताना पगार तिने सांगायचा.

एक अपवाद. संस्था लेखी देत असेल की, आठवड्यातले निम्मे दिवस फील्डवर, एखाद्या नगरपालिकेच्या पाणी विभागातच बसून काम, तर खुशाल तिकडे जाऊ द्या. तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या. प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे, कारण निधी संपला की पद संपतं. आणि मागच्या वर्षी ज्यांना दौऱ्यावर नेलं त्यांच्यापैकी कुणी परत जाऊन काय बदललं. या दुसऱ्या प्रश्नावर कार्यशाळांची यादी वाचून दाखवू लागले, तर उठून नमस्कार करा.

ठेकेदारालाही सोडू नका. नियुक्तीपत्र, पीएफ, रात्रपाळीला घरी सोडायची गाडी, महिलांसाठी स्वच्छतागृह, गॅस डिटेक्टर. बंद चेंबरमध्ये माणूस उतरवतात का, हे तिने थेट विचारावं. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उत्तर देताना चुळबुळ करणाऱ्याकडे काम नको.

मामांचंही बरोबर आहे, पण अर्धं. एमपीएससीच्या जोडीला नगरपरिषदांच्या राज्यसेवेत पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता अभियांत्रिकी असा स्वतंत्र संवर्ग आहे. तो तिच्या शिक्षणाला नेमका लागू पडतो. जाहिरातीकडे लक्ष ठेवा आणि अभ्यास शिफ्ट सांभाळून करू द्या. नोकरी सोडून पुण्यात खोली घेऊन बसायची घाई नको. पुढे शिकायचंच झालं तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं. धोरणाकडे ओढा असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पाणी धोरण आणि प्रशासन हा एम.ए. आहे. दोन्हीकडे प्लांटवरचा अनुभव कामी येईल.

आणि तुमच्याकडून एक काम. होकार कळवण्याआधी एखाद्या दुपारी परवानगी काढून दोघं कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रावर जाऊन या. 76 एमएलडीचं आहे, म्हणजे दिवसाला सात कोटी साठ लाख लिटर सांडपाणी साफ करण्याच्या क्षमतेचं. आत येणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी दोन काचेच्या ग्लासांत मागून बघा, आणि शिफ्टवर असलेल्याला तिच्यासमोरच विचारा, लाइट गेल्यावर काय करता. वास येतो, दहा मिनिटांत नाकाला सवय होते. तिला झाली नाही, तर मला पुन्हा लिहा, मग आपण तिसरं काहीतरी बघू.